आपला शब्द आपल्या हाताने : संगणकावर मराठी आणि पाली युनिकोडमध्ये कसे लिहावे

दरवर्षी २ मार्च जवळ आला की नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या पत्रकांची गर्दी होते. १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर जमायचे असते तेव्हाही तेच. पत्रक देखणे असते, त्यावर बाबासाहेबांचा आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा फोटो असतो, मजकूरही मेहनतीने लिहिलेला असतो. पण ते पत्रक म्हणजे एक चित्र असते. त्यातले वाक्य उचलून दुसरीकडे वापरता येत नाही, पुढच्या वर्षी शोधले तर सापडत नाही आणि आपल्या अंध मित्राचा मोबाइल ते त्याला वाचून दाखवू शकत नाही. आठवड्याभरात ते फोनच्या गॅलरीत गाडले जाते.

हे टाळणे अवघड नाही. संगणकावर मराठी युनिकोड सुरू करायला दहा मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत. विहारातले कार्यकर्ते, वसतिगृहातले विद्यार्थी, महिला मंडळाच्या सचिव, माहिती अधिकारात काम करणारे मित्र या सगळ्यांना हाताशी ठेवता यावी म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

हा प्रश्न चळवळीचा का आहे

शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक', ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' सुरू केले. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपले म्हणणे अवलंबून राहू नये म्हणून त्यांनी स्वतःचा छापखानाही उभा केला. पैशाची चणचण असताना माणूस छापखाना का उभा करतो, याचे उत्तर सोपे आहे. खिळे ज्याच्या हातात असतात, तो काय छापायचे आणि कधी छापायचे ते ठरवतो.

आज तो छापखाना आपल्या टेबलावरच्या संगणकात आणि खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. तरीही चार ओळींच्या निवेदनासाठी आपण डीटीपी सेंटरसमोर रांग लावतो, मजकूर रोमन लिपीत पाठवतो किंवा हाताने लिहून त्याचा फोटो टाकतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदवला. एवढ्या मोठ्या समाजाचे लिखाण इंटरनेटवर शोधता येईल अशा अक्षरांत किती आहे, हे प्रत्येकाने आपल्या गावाचे, विहाराचे किंवा तिथल्या जुन्या कार्यकर्त्याचे नाव शोधून पाहावे.

जुना फॉन्ट आणि युनिकोड यांतला फरक

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. इंग्रजी कॅपिटल 'ए' चा क्रमांक ६५ आहे. पूर्वी संगणकात इंग्रजीपुरतेच क्रमांक होते. म्हणून मराठीसाठी एक युक्ती काढली गेली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचे चित्र बसवायचे. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी, सी-डॅकचा डीव्हीबी-टीटी सुरेख हे जुने फॉन्ट याच पद्धतीचे. पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अर्थहीन चिन्हांचा कचरा दिसतो. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीतला मजकूर कृतीदेवमध्ये चालत नाही.

युनिकोडने जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. 'क' चा क्रमांक २३२५, 'ळ' चा २३५५. हा क्रमांक नाशिकमध्ये, नागपुरात, टोकियोत आणि लंडनमध्ये एकच असतो. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर तेच राहते.

दुसरा फरक क्रमाचा आहे. टाइपरायटरवर आणि जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क' येतो, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आपण बोलतो तसे लिहायचे, आधी 'क', मग वेलांटी. 'धर्म' लिहिताना 'ध', 'र', हलन्त, 'म' असा क्रम. रफार आपोआप योग्य जागी जाऊन बसतो. जुन्या सवयीच्या हाताला पहिले काही दिवस हेच अडते.

कळफलक कोणता निवडावा

मराठी टंकलेखनाच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

फोनेटिक : रोमन लिपीत उच्चार लिहायचा आणि संगणक देवनागरी पर्याय सुचवतो. पहिल्या दिवसापासून लिहिता येते, म्हणून नव्यांना सोयीची. पण शब्द संगणक सुचवतो आणि इथे आपण जागे राहावे लागते. 'धम्म' च्या जागी 'धर्म', 'भिक्खू' च्या जागी 'भिक्षू' असे पर्याय अनेकदा आधी येतात. घाईत आपण पहिलाच पर्याय स्वीकारतो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या नावात 'धम्म' हा शब्द विचार करून वापरला होता. तो एका चुकीच्या टिचकीने बदलू देऊ नये.

रेमिंग्टन : टाइपरायटरची जुनी रचना. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकून वेग कमावला आहे त्यांनी ती सोडायची गरज नाही. हीच रचना युनिकोडमध्ये देणारी साधने मिळतात. फक्त निघणारा मजकूर युनिकोड आहे ना, हे तपासावे.

इनस्क्रिप्ट : भारत सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली प्रमाण रचना. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. विंडोज, लिनक्स, मॅक या सगळ्यांत ती आधीपासूनच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. भारतीय लिप्यांसाठी रचना समान आहे. ज्या कळीवर मराठी 'क' आहे, त्याच कळीवर गुजराती, कन्नड आणि तेलुगू 'क' आहे. बिदर-कलबुर्गीकडच्या मित्रांसोबत काम करणाऱ्यांना हे उपयोगी पडते.

माझा आग्रह असा की तातडीच्या कामासाठी फोनेटिक वापरा, पण इनस्क्रिप्ट शिका. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात हात बसतो.

विंडोज संगणकावर

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेज मध्ये जा आणि लँग्वेज हा विभाग निवडा. तिथे ॲड अ लँग्वेज दाबून मराठी शोधा आणि जोडा. जोडताना मराठी डिस्प्ले लँग्वेजसारखे पर्याय दिसतील. पडद्यावरच्या सूचना मराठीत नको असतील तर त्यावरची खूण काढून टाका, डेटा वाचतो.

नंतर मराठीच्या ऑप्शन्समध्ये जाऊन ॲड अ कीबोर्ड दाबा. 'मराठी' हा इनस्क्रिप्ट कळफलक आणि 'मराठी फोनेटिक' हा दुसरा. हवा तो किंवा दोन्ही जोडा. फोनेटिक कळफलक विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून आला, त्याआधीच्या आवृत्तीत तो दिसणार नाही.

इंग्रजीतून मराठीत जायला विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबा. पुन्हा तसेच केले की इंग्रजी. उजवीकडे खाली घड्याळाजवळ कोणती भाषा सुरू आहे ते दिसते.

विहारात किंवा अभ्यासिकेत अजून विंडोज ७ असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या रीजन अँड लँग्वेज मध्ये जाऊन कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस, चेंज कीबोर्ड्स आणि ॲड या मार्गाने मराठी जोडता येते. मात्र विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने जानेवारी २०२० मध्ये बंद झाली आहेत. अशा संगणकावर लिहायला हरकत नाही, बँकेचे व्यवहार करू नयेत.

लिनक्स आणि मॅकवर

जुना, मंद झालेला संगणक टाकून देण्याआधी त्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली चालते का ते पाहावे. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड विभागात इनपुट सोर्सेसखाली अधिकचे चिन्ह दाबून मराठी निवडायचे. भाषा बदलायला इथेही विंडोजची कळ आणि स्पेसबार. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात इनपुट सोर्सेसमध्ये मराठी जोडता येते.

लिबरऑफिस हे मोफत लेखन-साधन वापरणार असाल तर टूल्स, ऑप्शन्स आणि लँग्वेज सेटिंग्जमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा पर्याय सुरू करा. त्यात देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. अक्षर मोठे केले तरी मराठी मोठी होत नाही, अशी तक्रार येते ती यामुळेच.

मोबाइलवर

अँड्रॉइडमध्ये जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये लँग्वेजेस उघडून मराठी जोडा. देवनागरी अक्षरांचा, रोमन उच्चारावरून मराठी करणारा आणि बोटाने लिहिण्याचा असे पर्याय मिळतात. आयआयटी मुंबईत तयार झालेला 'स्वरचक्र' हा कळफलकही आहे. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती स्वरचिन्हांचे चक्र उघडते. बाराखडी येणाऱ्या आजीलाही तो जमू शकतो.

बोलून लिहिण्याची सोयही आहे. जीबोर्डच्या माइकवर किंवा गूगल डॉक्समध्ये मराठी निवडून बोलले की शब्द उमटतात. ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आठवणी नोंदवताना पहिला मसुदा यातून मिळू शकतो. पण व्यक्तींची नावे, गावांची नावे आणि पाली शब्द हमखास चुकतात. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवा आणि ते ऐकत मसुदा दुरुस्त करा.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, युनिकोड मराठीची फक्त ७०. काना, मात्रा, हलन्त हेही त्यात मोजले जातात. मोर्चाचा निरोप एसएमएसने पाठवणार असाल तर तारीख, वेळ आणि ठिकाण आधी लिहा.

इनस्क्रिप्टची सुरुवात

कळींची नावे इंग्रजी कळफलकाप्रमाणे दिली आहेत.

व्यंजने : क – के, ग – आय, च – सेमीकोलन, ज – पी, ट – अवतरणचिन्हाची कळ, ड – डावा चौकटी कंस, त – एल, द – ओ, न – व्ही, प – एच, ब – वाय, म – सी, य – तिरकी रेघ, र – जे, ल – एन, व – बी, स – एम, ह – यू.

शिफ्टसह त्याच कळींवर महाप्राण : 'क' वर ख, 'ग' वर घ, 'च' वर छ, 'ज' वर झ, 'ट' वर ठ, 'ड' वर ढ, 'त' वर थ, 'द' वर ध, 'प' वर फ, 'ब' वर भ. एवढे लक्षात आले की निम्मा कळफलक पाठ झाला.

शिफ्टसह इतर : ण – सी, ळ – एन, श – एम, ष – स्वल्पविराम, ङ – यू, ञ – उजवा चौकटी कंस, ऱ – जे.

स्वरचिन्हे : काना – ई, पहिली वेलांटी – एफ, दुसरी वेलांटी – आर, पहिला उकार – जी, दुसरा उकार – टी, एक मात्रा – एस, दोन मात्रा – डब्ल्यू, काना-मात्रा – ए, काना आणि दोन मात्रा – क्यू. शिफ्टसह याच कळींवर सुटे स्वर येतात, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ.

हलन्त – डी, शिफ्टसह डी वर अ. अनुस्वार – एक्स. विसर्ग – शिफ्टसह संयोगचिन्हाची कळ.

जोडाक्षराचा नियम एकच, पहिले व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन. सरावासाठी काही शब्द असे :

जय भीम : पी, तिरकी रेघ, स्पेस, शिफ्ट-वाय, आर, सी.
बुद्ध : वाय, जी, ओ, डी, शिफ्ट-ओ.
धम्म : शिफ्ट-ओ, सी, डी, सी.
संघ : एम, एक्स, शिफ्ट-आय.
समता : एम, सी, एल, ई.
करुणा : के, जे, जी, शिफ्ट-सी, ई.
प्रज्ञा : एच, डी, जे, पी, डी, शिफ्ट-उजवा चौकटी कंस, ई.

'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त, ञ आणि 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. हे एकदा कळले की कोणताही कळफलक आला तरी अडत नाही.

मराठीत अडणाऱ्या जागा

ऱ्य आणि र्य : 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. 'आचार्यांचा' आणि 'आचाऱ्यांचा' यांतही असाच अर्थाचा फरक आहे. 'शेतकऱ्यांचा', 'मोर्चेकऱ्यांना', 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट-जे वरचा 'ऱ' घ्या, मग हलन्त, मग 'य'. साधा 'र' घेतला तर रफार होतो आणि शब्द बिघडतो.

ॲ : 'ॲड', 'ॲप', 'ॲक्ट' यांतले अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. काही जण 'अ' वर चंद्र देऊन ते तयार करतात. दिसायला सारखे, पण आतले क्रमांक वेगळे, त्यामुळे शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. गटात एकच पद्धत ठरवून घ्या.

विसर्ग : 'दुःख' लिहिताना अनेक जण विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविरामाची दोन टिंबे देतात. मग संगणक 'दु' आणि 'ख' असे दोन तुकडे समजतो. पहिले आर्यसत्य आपण नीट लिहायलाच हवे.

अंक : वाचनाच्या मजकुरात देवनागरी अंक शोभतात. हिशेबाच्या तक्त्यात बेरजा करायच्या असतील किंवा ऑनलाइन अर्जात मोबाइल क्रमांक भरायचा असेल तिथे इंग्रजी अंक वापरावेत.

ल आणि श : काही फॉन्टमध्ये ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. मराठी वळण कोणते, हे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात स्पष्ट केले आहे. अक्षराचा क्रमांक दोन्हीकडे एकच असल्यामुळे मजकूर चुकलेला नसतो. परिच्छेदाची भाषा मराठी ठरवली किंवा मराठी वळणाचा फॉन्ट घेतला की प्रश्न मिटतो.

पाली लिहिताना

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. देवनागरीत पाली लिहिण्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, मराठी कळफलकच पुरतो. फक्त मराठीत क्वचित लागणारी ङ आणि ञ ही अक्षरे पालीत सतत लागतात. 'पञ्ञा' साठी एच, शिफ्ट-उजवा चौकटी कंस, डी, पुन्हा शिफ्ट-उजवा चौकटी कंस, ई. 'सङ्घ' साठी एम, शिफ्ट-यू, डी, शिफ्ट-आय. 'अट्ठ' साठी शिफ्ट-डी, अवतरणचिन्हाची कळ, डी, शिफ्ट-अवतरणचिन्हाची कळ. 'तण्हा' आणि 'अनिच्च' आता तुम्हीच करून पाहा.

वंदनेची पुस्तिका छापताना 'संघ' लिहावे की 'सङ्घ', 'पाली' की 'पाळि', हे आधी ठरवा आणि पूर्ण पुस्तिकेत तसेच ठेवा. बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले होते. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत ते सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले आहे. अडल्यास तिथे पाहता येते.

अक्षर नीट साठवले की काय साधते, याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे तिपिटक अट्ठकथा-टीकांसह देवनागरीत १४० खंडांत छापले आणि संगणकावरही आणले. एकदा टंकलिखित झालेला तोच मजकूर वाचकाला देवनागरी, सिंहली, बर्मी, थाई, रोमन अशा अनेक लिप्यांत पाहता येतो आणि त्यातला शब्द शोधता येतो. चित्रांच्या रूपात ठेवला असता तर हे शक्य नव्हते.

त्रिरश्मी लेण्यांवरचे शिलालेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, त्या लिपीलाही २०१० पासून युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे. गूगलच्या नोटो मालिकेत ब्राह्मीचा मोफत फॉन्ट मिळतो. लेणी अभ्यासासाठी जाणाऱ्या तरुणांनी आपल्या टिपणांत ब्राह्मी अक्षरे चित्राऐवजी थेट लिहून पाहावीत.

फॉन्ट आणि छपाई

विंडोजमध्ये मंगल, निर्मला, कोकिळा हे युनिकोड फॉन्ट मिळतात. बाहेरून मोफत घेण्यासारखे म्हणजे नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी आणि राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणू. पत्रकाच्या मथळ्यासाठी जाड आणि मजकुरासाठी साधा, असे दोन फॉन्ट पुरेत.

डीटीपीवाले मित्र म्हणतात की युनिकोड छपाईत तुटते. जुन्या पेजमेकरबद्दल हे खरे आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि तिला युनिकोड देवनागरी जमत नाही. आजचे इनडिझाइन भारतीय लिप्यांचा पर्याय सुरू केल्यावर नीट काम करते. मोफत स्क्रायबसच्या नव्या आवृत्त्याही करतात. त्यामुळे काम देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. मजकूर आम्ही युनिकोडमध्ये देऊ, छपाईनंतर पीडीएफसोबत दुरुस्त केलेला युनिकोड मजकूर परत द्या, आणि मूळ फाइलही द्या. पीडीएफ तपासायची सोपी रीत म्हणजे त्यातली एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या संदेशात चिकटवणे. मराठी आली तर ठीक, चिन्हे आली तर तो जुना फॉन्ट आहे.

जुना मजकूर वाचवणे

हे काम सर्वांत निकडीचे आहे. नाशिकमधल्या एका विहाराने काही वर्षांपूर्वी स्मरणिका काढली होती. तीत सत्याग्रहाच्या काळातल्या घरांतल्या ज्येष्ठांच्या मुलाखती होत्या. आज छापील प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. सीडीवरची फाइल जुन्या फॉन्टमधली, उघडली तर नुसती चिन्हे दिसतात, आणि ज्या दुकानात ती तयार झाली ते दुकान बंद झाले आहे. मुलाखत देणाऱ्यांपैकी आता कोणी हयात नाही. अशा स्मरणिका जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे जपली गेली म्हणून आज ती इतिहासाचे साधन झाली. आपल्या पिढीचे कागदही तसेच जपले पाहिजेत.

जुन्या फॉन्टची फाइल हाती असेल तर फॉन्ट परिवर्तक वापरावा. आधी फॉन्टचे नेमके नाव शोधा, कारण प्रत्येक फॉन्टसाठी परिवर्तक वेगळा असतो. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे इथे जास्त चुकतात, म्हणून मूळ छापील प्रत समोर ठेवून वाचन करावेच लागते.

फक्त कागद उरला असेल तर तो सपाट ठेवून, चांगल्या उजेडात, सावली न पडता स्कॅन करा. ते चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडले की चित्रातली अक्षरे मजकुरात बदलतात. टेसरॅक्ट हे मोफत साधनही मराठी ओळखते. स्वच्छ छपाईवर काम बरे होते, फिकट सायक्लोस्टाइल प्रतीवर कमी. हस्तलिखित मात्र हातानेच टंकायला घ्यावे.

प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, स्कॅन केलेले चित्र, युनिकोड मजकूर आणि पीडीएफ. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि विषय असू द्या. एक प्रत विहारात, एक कोणाच्या तरी घरी आणि एक ऑनलाइन ठेवा. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे. आपल्या परिसरातल्या चळवळीच्या नोंदी तिथे संदर्भांसह भरता येतात. पुस्तके सर्वांसाठी खुली करताना लेखकाच्या निधनाला ६० वर्षे झाली आहेत का ते पाहा, नसतील तर लेखकाची किंवा कुटुंबाची लेखी परवानगी घ्या.

अर्ज, तक्रार आणि नोंदी

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे आपल्याकडे मराठीत. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करायचे असते. अर्ज युनिकोडमध्ये असेल तर अपिलात तोच मजकूर घेता येतो, पुन्हा टंकून घेण्यात दिवस जात नाहीत.

ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात लेखी तक्रार देताना तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले शब्द आणि साक्षीदारांची नावे अचूक असणे महत्त्वाचे असते. पीडित व्यक्तीजवळ बसून, तिच्या शब्दांत, तिच्यासमोर टंकलेली आणि तिला वाचून दाखवलेली तक्रार ही दुकानात तिसऱ्याच माणसाकडून घाईत लिहून घेतलेल्या तक्रारीपेक्षा भक्कम होते. शिवाय तिची गोष्ट अनोळखी लोकांसमोर उघडी पडत नाही. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या अर्जांतही नावाचे मराठी स्पेलिंग सगळीकडे सारखे ठेवा. एका कागदावर ह्रस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ झाले की विद्यार्थ्याचे हेलपाटे सुरू होतात.

विहारात वर्ग कसा घ्यावा

एक संगणक आणि पाच-सहा जण पुरेसे आहेत. रविवारच्या वंदनेनंतर तासभर बसा.

पहिला रविवार : प्रत्येकाच्या मोबाइलवर आणि संगणकावर मराठी सुरू करणे, आपले नाव आणि गाव लिहिणे.
दुसरा रविवार : व्यंजने, हलन्त आणि वर दिलेले शब्द.
तिसरा रविवार : ऱ्य, विसर्ग, पाली शब्द, आणि एक माहिती अधिकार अर्ज पूर्ण लिहिणे.
चौथा रविवार : विहाराच्या जुन्या कागदांतले एक पान टंकून, तपासून जतन करणे.

संगणक मुलांच्याच ताब्यात जातो, हा सगळीकडचा अनुभव आहे. म्हणून खुर्चीवर बसण्याची पाळी ठरवून द्या आणि पहिली पाळी मुलींना व महिलांना द्या. कळफलकाची छापील प्रत भिंतीवर लावा. शिकलेल्या प्रत्येकाने पुढच्या महिन्यात दोघांना शिकवायचे, एवढीच फी ठेवा.

चौथ्या रविवारपर्यंत प्रत्येक विहारातले एक पान जरी युनिकोडमध्ये उतरले, तरी वर्षाअखेर आपल्या जिल्ह्यात एक छोटे अभिलेखागार उभे राहील. पुढच्या २ मार्चचे पत्रक चित्र म्हणून फिरवा, पण त्याखाली त्याचा मजकूरही युनिकोडमध्ये द्या. सुरुवात तिथून करता येईल.

जय भीम, नमो बुद्धाय!